उभी गाडी

लॉकडाऊन लागला आणि टॅक्सी बिल्डिंगखाली धूळ खात उभी राहिली. दोन खोल्यांत आई, बायको आणि दोन मुलं. मुलांची एकाच मोबाइलवरून हमरीतुमरी, वर आईचा टीव्ही दिवसभर ठणाणा चालू. टॅक्सीवाल्याचं डोकं भणाणून जायचं.

मग त्याने युक्ती काढली. रोज दुपारी खुंटीवरची किल्ली घ्यायची, "गाडी जरा चालू करून येतो गं, उभ्या गाडीची बॅटरी उतरते," म्हणायचं आणि खाली सटकायचं. इंजिन दोन मिनिटांत बंद. मग काचा वर करून तासभर नुसता बसून राहायचा. बायको चकार शब्द काढायची नाही. भोळी आहे बिचारी, असं त्याला वाटायचं.

आज खुंटीवर किल्लीच नव्हती. चपला न घालताच तो धावत खाली गेला. टॅक्सी जागेवरच होती. काचा वर, आणि मागच्या सीटवर बायको, रडून डोळे सुजलेले.

त्याला बघून तिने काच चार बोटं खाली केली.



"बॅटरीला तासभर लागतो म्हणता ना? मी आत्ताच येऊन बसलेय."