बागेतल्या आसरा

बाजारात कापसाला कुत्रं विचारत नव्हतं आणि चारुदत्तानं घागरीतून पाणी ओतणाऱ्या, नकली दगडाच्या तीन विलायती जलपऱ्या बागेत आणून बसवल्या, म्हणून कौसल्याबाई महिनाभर लेकाच्या नावानं बोटं मोडत होत्या.

आज शेतावरच्या गड्याची बायको, सव्वा महिन्याची बाळंतीण रुपाली गावची विहीर पुजायला गेली, तर विहीर कोरडी. पाण्यातल्या बाया म्हणजे आसरा, जलदेवताच, असं समजून तिनं बागेतल्या मूर्तींना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि लेकरू त्यांच्या पायाशी टेकवलं.

चारुदत्तानं ओटीचा नारळ लाथेनं उडवला. "चाल निघ! देऊळ वाटलं काय तुले?"

कौसल्याबाईंनी नारळ उचलून रुपालीच्या हातात दिला आणि त्या लेकाकडे वळल्या.

"तुले मी परक्याच्या विहिरीवर टेकवलं होतं, चारू. त्या मालकिनीनं मले बसाले पाट देल्ला. आजपासून या घरचं पानी तू हिले इचारून पेजो."