डोंगराखालच्या स्टेशनावर

बीडहून येणारी संध्याकाळची गाडी थांबली. शिवकन्या हसत उतरली. मागून दारातल्या माणसाने तिची पिशवी खाली दिली. गाडी हलली, तरी ती त्या डब्याकडे बघत होती. मग वळली आणि जागीच थबकली.

सासरा समोर उभा होता.

बंकट स्टेशनावर कधी येत नसे. या वेळी तो शेरडं घेऊन वर डोंगरावर असायचा. सुनेशी तो सरळ बोलतही नसे. काही सांगायचं झालं तर बायकोला, मनकर्णाला म्हणायचा, "तिला सांग." बजरंग, त्यांचा एकुलता एक मुलगा, शिवकन्येचा नवरा, वारला तेव्हासुद्धा सासरा-सून एका घरात मुक्यानेच रडले होते.

"मामा, तुमी? आत्याला काय झालं का?"

"न्हाई. ती बरी हाय. बस."

उतरलेली माणसं फाटकातून वस्तीकडे निघून गेली. फलाटावर डोंगराची सावली आली होती. शिवकन्या बाकाच्या कडेला टेकली. बंकट तिच्याजवळ बसला नाही. दोन हात लांब, फरशीवरच बसला.

"तो रामहरी का?" त्याने विचारलं.

बीडच्या दवाखान्यातली आपली नोकरी आज संपली, असंच तिला वाटलं.

"नुस्तं बोलनं असतंय, मामा. पुढच्या टेशनचा हाय, इहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान हाय त्येचं बीडला. आत्याची शपथ, दुसरं कायबी न्हाई. उद्यापसून बायांमदी बसते."

"म्या शपथ मागितली का तुला?"

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"वरून समदं दिसतंय," बंकट म्हणाला. "गाडी निघून जाती, अन् तू तशीच उभी राहतीस. लई दिस बघतोय. आदुगर राग आला. खोटं कशाला बोलू? मग वाटलं, पोरगी कुनाच्या तरी वाटंकडं बघतीया. घरात तर निस्ती भिताडाकडं बघायची."

शिवकन्येने मान खाली घातली.

"आज त्येची आई आलती घरी. रुक्मिणीबाई. तुला मागाया."

"तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, पोरीला इचारून सांगतो."

"मग हितं कावून आलात? घरी इचारलं असतं की."

"तुजी आत्या म्हनली, घरात नगं. घरात बजरंगचा फोटू हाय. त्येच्या म्होरं तिला हो म्हनता यायचं न्हाई."

शिवकन्येने पदर तोंडाशी धरला. बंकट तिच्याकडे न बघता रुळांकडे बघत राहिला.

"आत्याला उठवत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "तुमी दिसभर डोंगरावर. मी गेल्यावर कोन हाय तुमाला?"

"आमाला आमी हाव. आमच्यापायी बसून राहिलीस, तर त्यो बजरंग मलाच बोल लावंल."

"असं नका म्हनू."

"मानूस कसा हाय? त्येवढं सांग."

तिने पदराने डोळे पुसले. "पयल्या दिशी मला बजरंगचं इचारलं त्येनं. कसा होता, काय करायचा. समदं ऐकून घेतलं. मधी बोलला न्हाई."

बंकटने हळूच मान हलवली.

"मग काय सांगू त्या बाईला?"

"म्हनावं, माज्या बापाला इचारा."

"बराबर हाय. त्येंचा मान त्येंना." बंकट काठीवर भार देऊन उठला. "उद्याच नेकनूरला जाऊन येतो, तुज्या बापाकडं."

"नेकनूरला कावून?" शिवकन्या त्याच्याकडेच बघत म्हणाली.

बंकट फाटकाकडे निघाला होता. चार पावलं गेला. मग थांबला, मागे आला, आणि तिच्या शेजारी बाकावर बसला.