एकच मुद्दा

“ताई, लेकीला बाहेरच्या बाकावर बसवू नका, या दारातून सगळं ऐकू येतं,” मध्यस्थी केंद्रात पाणी आणून देणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. “सहा वर्षांची आहे हो, तिला काय कळतंय,” असं म्हणून मी तिच्या हातात खडूंची पेटी दिली आणि दार लोटून घेतलं.

चार बैठकांत आमचा घटस्फोट ठरला, तोही आवाज न चढवता. घर, गाडी, फ्रीज, सगळं पटापट मार्गी लागलं. शेवटी मध्यस्थ बाई म्हणाल्या, “आता मुलीचा तेवढा एकच मुद्दा राहिलाय. तो मिटला की तुम्ही दोघं मोकळे.” मग तोही मिटला. शाळेचे दिवस माझ्याकडे, शनिवार-रविवार त्याच्याकडे.

पूर्वी घटस्फोट म्हटलं की नाक मुरडणारी माझी आत्या आता स्वतःहून लोकांना केंद्राचा पत्ता देते. वर सांगते, “आणि पोर बघा किती समंजस आहे. हट्ट नाही, रडणं नाही, काही नाही.”

काल लेकीचे मोजे काढले, तर दोन्ही अंगठ्यांना फोड. बूट कधीचेच लहान झाले होते.

“अगं, मग सांगायचं नाही का मला? नवे आणले असते.”

“मी काही मागितलं की मुद्दा परत निघेल ना.”



तुमच्या घरातलंही असंच गोडीगुलाबीनं मिटलं असेल, तर आज त्या समंजस लेकराचे बूट तेवढे काढून बघा.