ढग हाकणारा खांब

फाटकाशी माणसं जमलीत, असं बुरुलने आत येऊन सांगितलं, तेव्हा तिचा नवरा, एसेनकुल मास्तर, मोबाइलवरचे लाल बदाम मोजत होते. दोनशे चौदा. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण एवढ्यांनी कधी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

परवा त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, हिमनदीखालच्या तळ्याशी उभारलेला खांब ढग पलीकडच्या खोऱ्यात हाकलतो म्हणे, म्हणून यंदा कुरणं करपली. खांब तळ्याचं पाणी मोजतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्याचे आकडे टिपणारी नुरझात त्यांच्याच घरी खोली घेऊन राहत होती. आत्ताही आत चहा पीत बसली होती. पण पाणी मोजणाऱ्या खांबाला बदाम कोण देणार?

फाटकाबाहेर वीसेक जण, हातात पहारी नि फावडी. बहुतेक मास्तरांचेच विद्यार्थी. पुढे कादिरअली. त्याची निम्मी मेंढरं या उन्हाळ्यात गेली होती.

"मास्तर, सातवीत ढगांचं उत्तर चुकलं म्हणून तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलं होतंत," तो म्हणाला. "असो. पोरीला बाहेर पाठवा. वर येऊन ती खांब बंद करेल. आम्ही नुसते सोबतीला."

आपण 'म्हणे' लिहिलं होतं, याची मास्तरांनी आठवण करून दिली. कादिरअलीने मोबाइलच पुढे धरला. तीन गावं फिरून आलेल्या वाक्यातला 'म्हणे' वाटेत कुठेतरी गळला होता. खाली नुरझातचा फोटो, आणि त्याखाली मास्तरांचं नाव, 'भूगोलाचे शिक्षक' असं जोडून.

सगळं खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा. वीस चेहरे त्यांच्याकडे लागले होते. अख्खा वर्ग पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होता.

"चौकशी करायला काय हरकत आहे," ते म्हणाले.

बुरुलने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन ती नानची थाळी घेऊन आली आणि कादिरअलीपुढे धरली. दारी आलेल्याने तुकडा मोडायचाच, आणि एकदा मोडला की त्या घरातल्या कुणाला हात लावायचा नाही, अशी रीत.

"नको काकू," कादिरअली अदबीने म्हणाला. "आम्ही खाऊन आलोय."

थाळी एकेकापुढून शेवटच्या माणसापर्यंत गेली. नान अख्खाच परत आला.