विकलेलं मशीन

मशीन दाराच्या चौकटीत अडकलं तेव्हा चष्मेवाल्याला वाटलं, जाऊ दे, राहू दे इथंच. पण थोरल्या भावाने मागून खांदा लावला.

"आता कच खाऊ नकोस. वसुलीवाल्यांचं ऑफिस उघडायच्या आत उरकायचंय. जरा तिरकं कर."

तिरकं केल्यावर ते निघालं. भिंगं घासायचं मशीन होतं ते. दोघांनी ते हातगाडीवर चढवलं, वर जुनी चादर टाकली आणि रस्त्यापलीकडे थोरल्याच्या टायरच्या दुकानात नेऊन ठेवलं.

चष्मेवाल्याचा तीन वर्षांचा कर थकला होता. पहिल्या वर्षी बायकोच्या ऑपरेशनमुळे, दुसऱ्या वर्षी लाजेमुळे आणि तिसऱ्या वर्षी नुसत्या भीतीमुळे. नोटीस आली की तो ती न फोडताच गल्ल्याखाली सरकवायचा. गावाला नजर वाटणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचं पाकीट मात्र दिसत नव्हतं. शेवटी परवा थोरलाच सांगत आला, की वसुलीवाले जप्तीला येणार आहेत.

"तुम्हाला कसं कळलं, भाऊजी?" चष्मेवाल्याच्या बायकोने विचारलं होतं.

"अगं, चार माणसं ओळखीची ठेवावी लागतात." मग तो धाकट्याकडे वळला. "हे बघ, मशीन मला विकलंस असं सांगायचं. पैसे मिळाले, खर्च झाले. लिहून मागितलं तर लिहून द्यायचं. तुझं नाही म्हटल्यावर ते नेतील कसं? वादळ गेलं की घेऊन जा परत."

"त्यापेक्षा सरळ ऑफिसात जाऊन हप्ते मागू या ना," बायको म्हणाली.

"आणि त्या कारकुनांचे पाय धरू? अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे?" चष्मेवाला म्हणाला.

थोरल्याने आजवर सल्ल्याशिवाय कुणाला काही फुकट दिलं नव्हतं. आज तोच हातगाडी ढकलताना घामाघूम झालेला पाहून चष्मेवाल्याने त्याच्यापुढे आपला रुमाल धरला होता. शेवटी रक्ताचं ते रक्ताचंच, असं त्याला मनापासून वाटलं.

वसुली अधिकारी म्हणून आली ती एक थकलेली बाई. तुटक्या चपलेला तिने सेफ्टी पिन लावली होती. सोबत एक कारकून होता. तिने दुकानावर नजर फिरवली. काउंटर, फ्रेमांचं कपाट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मग तिला फरशीवरचा स्वच्छ चौकोन दिसला.

"इथे काय होतं?"

"मशीन. भिंगं घासायचं. विकलं मी."

"कुणाला?"

"माझ्या थोरल्या भावाला. समोर टायरचं दुकान आहे त्याचं."

बाईने कारकुनाकडे पाहिलं, मग पुन्हा चष्मेवाल्याकडे. "पैसे मिळाले?"

"हो."

"सगळे? कुणी दबाव वगैरे नाही ना आणला? घाई नाही, नीट विचार करून सांगा."

ही बाई आपल्याला शब्दात पकडायला बघतेय, हे चष्मेवाल्याच्या लगेच लक्षात आलं. कच्च्या गुरूचा चेला नव्हता तो. "राजीखुशीने विकलं, मॅडम. दबाव कसला?"

"तसं लिहून द्याल? खोटं निघालं तर शिक्षा आहे."

"देतो की."

त्याने लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. आतल्या दारात उभ्या असलेल्या बायकोने मान फिरवली.

बाईने कागद घडी करून ठेवला. "विकायला नको होतं हो तुम्ही," ती म्हणाली. "ज्या हत्यारावर माणसाचं पोट असतं, त्याला आम्ही हात लावत नाही. शिंप्याचं शिलाई मशीन, तुमचं हे. नोटिशीत पहिल्याच पानावर असतं. मशीन असतं, धंदा चालू असता, तर मीच तुम्हाला हप्ते बांधून दिले असते."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायको पुढे आली. "मॅडम, समजा ते मशीन अजून..."

"तू आत जा," तो खेकसला. सही वाळलीही नव्हती. आता खरं बोलणं म्हणजे आपण होऊन तुरुंगात जाणं.

कारकुनाने फ्रेमांचं कपाट जप्त करून पायरीवर ओढलं. दोघं बाहेर पडली आणि चष्मेवाल्याने खुर्चीत अंग टाकलं. मूर्खपणा झाला खरा. फुकट आपलं हसं करून घेतलं. पण मशीन तर शाबूत होतं. संध्याकाळी आणायचं, पुन्हा जागेवर बसवायचं आणि काम सुरू करायचं. फ्रेमा काय, पुन्हा घेता येतील. उद्या बायको म्हणते तसं ऑफिसात जाऊन येऊ, असंही त्याने ठरवलं.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "त्या बाई भाऊजींकडे चालल्यात."

तो धडपडत उठला. कारकून अजून पायरीवर कपाटाला सील लावत होता.

"मॅडम तिकडे कशाला गेल्या?" चष्मेवाल्याने विचारलं.

"त्यांच्याकडेही वसुली आहे. तुमच्या तिप्पट बाकी आहे त्यांची. महिन्याभरापूर्वीच नोटीस गेलीय."

चष्मेवाला अनवाणीच रस्त्यात धावला. पलीकडे थोरला दुकानाच्या दारात उभा होता. बाईंसाठी त्याने खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. त्याने धाकट्याला येताना पाहिलं, आणि तरीही स्वतःच्या हाताने मशीनवरची चादर ओढून काढली.

"हेच ते, मॅडम," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात बोललो होतो ना मी, बाकीपोटी एक मशीन देतो म्हणून?"