उरलेली साडेनऊ मिनिटं

“मार्गारेट, कोण जिंकलं?”

पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलमधून वॉल्टरने विचारलं. पांढरी दाढी, गळ्यापर्यंत ओढलेली शाल, मागे बर्फाने भरलेली खिडकी. गेले चाळीस दिवस तो रोज हेच विचारत होता, आणि शेवगावच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्यापाशी उभी राहून एलिझाबेथ त्याला रोज उत्तर देत होती. आज मात्र ती थांबली.

ती काही मार्गारेट नव्हती. मार्गारेट ही वॉल्टरची बायको. एलिझाबेथची मुलगी एंजेला कॅनडात, हॅमिल्टनच्या एका वृद्धाश्रमात कामाला होती आणि वॉल्टर तिथे राहायचा. “आई, त्यांना सगळ्याचा विसर पडलाय गं,” एंजेला पहिल्या दिवशी म्हणाली होती. “सकाळ झाली की बायकोला शोधत बसतात. इथे कुणाचं ऐकत नाहीत. तू अशी माणसं तीस वर्षं सांभाळलीस. रोज दहा मिनिटं बोलशील त्यांच्याशी?”

तेव्हा एलिझाबेथला रागच आला होता. नवरा, शांतवन, वारून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मुलीचा फोन फक्त रविवारी यायचा, तोही घाईत, बसमधून. आईसाठी वेळ नाही आणि परक्या म्हाताऱ्यासाठी रोज दहा मिनिटं? पण जन्म मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला. नाही म्हणणं तिला जमलं नाही.

वॉल्टरचं मन बासष्ट सालच्या डिसेंबरात अडकलंय, असं एंजेलाने सांगितलं होतं. हॅमिल्टन आणि विनिपेग यांच्यातला फुटबॉलचा अंतिम सामना. तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा नाही. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं. सामना रंगात आला आणि तळ्यावरून असं धुकं आलं की समोरचं मैदान दिसेना. चेंडू वर उडाला की नाहीसाच व्हायचा. साडेनऊ मिनिटं उरली असताना खेळ थांबवला, उरलेला दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. वॉल्टर त्या गर्दीत होता. पण दुसऱ्या दिवशी पोलाद कारखान्यात त्याची पाळी. शेवट पाहिला तो मार्गारेटने, घरी, नव्याकोऱ्या टीव्हीवर. संध्याकाळी दारातूनच त्याने तिला विचारलं होतं, कोण जिंकलं?

त्या डिसेंबरात एलिझाबेथ बारा वर्षांची होती. तिच्या गावात वीजसुद्धा नव्हती. आता तिने मोबाईलवर त्या सामन्याची जुनी चित्रफीत शोधून काढली. काळंपांढरं, मुंग्या आल्यासारखं चित्र. पळणारे पाय तेवढे दिसायचे, वर सगळं पांढरं. ती पुन्हा पुन्हा बघायची, परीक्षेसारखी वहीत नावं उतरवून घ्यायची. कारण वॉल्टर खोदून खोदून विचारायचा. टीव्हीवर धुकं कसं दिसत होतं? कुणी चेंडू सोडला? आणि कधीतरी मधूनच, “घरात एकटी होतीस, करमलं का तुला?”

या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं. तरी ती “करमलं” म्हणायची.

हळूहळू संध्याकाळच्या साडेसातच्या आधारावर तिचा दिवस उभा राहू लागला. सात वाजता ती केस विंचरू लागली. बोलणं झालं की तिला भूक लागायची, मग दोन भाकरी थापायची. त्याआधी किती दिवस ती चहा-बिस्किटांवर काढत होती, हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

“सिस्टरबाई, रोज इंग्रजीत कुनाशी बोलता वो?” शेजारच्या बनुबाईने एकदा कुंपणावरून विचारलं.

“आहे एकजण. बघावं लागतं त्यांच्याकडे.”

“म्हंजी तुमची ड्युटी अजून सुटली न्हाई म्हना!”

ते वाक्य एलिझाबेथने दोन दिवस मनात घोळवलं होतं.

फक्त एक गोष्ट तिला सलायची. “विनिपेग. अठ्ठावीस-सत्तावीस,” असं ती सांगायची आणि वॉल्टरचा चेहरा पडायचा. साठ वर्षांपूर्वीची हार या माणसाने रोज नव्याने का सोसायची? आज तर त्याचा आवाज फारच थकलेला होता. नाहीतरी उद्यापर्यंत तो विसरणारच.

“हॅमिल्टन,” एलिझाबेथ म्हणाली. “आपण जिंकलो, वॉल्टर. एका गुणाने.”

तो हसला नाही.

“नाही, एलिझाबेथ,” तो हळूच म्हणाला. “आपण हरलो होतो.”

तिने ओट्याची कड घट्ट धरली. त्याने तिचं नाव घेतलं होतं.

“तुम्हाला आठवतंय?”

“सगळं आठवतं. मार्गारेटला जाऊन नऊ वर्षं झाली, तेसुद्धा.”

पडद्यावरचं चित्र हललं. फोन एंजेलाच्या हातात होता. “आई, रागावू नकोस गं,” एवढंच तिचं ऐकू आलं.

“मग हे चाळीस दिवस कशासाठी?” एलिझाबेथला वॉर्डात विचारायची तशा करड्या आवाजात विचारायचं होतं. पण तो करडेपणा काही साधला नाही.

वॉल्टरने खांद्यावरची शाल सारखी केली.

“तुमची मुलगी म्हणाली, आईला एखादा पेशंट हवाय,” तो म्हणाला. “मी मोकळाच होतो.”