मांडीवरचं ऊन

"कॅप्टन, मागे गडबड सुरू झालीय," निलोफर केबिनमधून फोनवर म्हणाली. "सीटसमोरच्या नकाशात विमान एकाच जागी गोल गोल फिरतंय. लोक विचारतायत, आपण हरवलो का?"

हरवलो नव्हतो. या टापूत कोणीतरी जमिनीवरून जीपीएसचे खोटे सिग्नल सोडतं, आणि सीटसमोरचा नकाशा त्यालाच फसतो. म्हणून आम्ही आधीच जीपीएसचा नाद सोडून, जुन्या पद्धतीनं रेडिओ केंद्रांच्या आधारानं चाललो होतो. मला धास्ती वेगळीच होती. खिडकीशी माझी आई बसली होती, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात. घरी ती मोबाइलवर माझं विमान बघत बसते आणि ठिपका जरा अडकला की थेट कंपनीत फोन लावते. "सोड ही नोकरी" हे तर रोजचंच. तिची भीती जावी म्हणून आज मुद्दाम आणलं होतं. आणि नेमकं आजच हे!

"आई घाबरलीय का गं?"

"छे! त्यांनीच तर सगळ्यांना गप्प केलं. म्हणाल्या, 'चाळीस वर्षं गच्चीवर पापड वाळत घालतेय, उन्हाचं मला कळतं. विमान गोल फिरलं असतं तर ऊनही फिरलं असतं. ते तासभर माझ्या मांडीवरून हललेलं नाही. माझी लेक सरळ चाललीय, नकाशा खुळा झालाय.'"

मला हसू आवरेना. "आणखी काही म्हणाली?"

"हो, तुम्हाला निरोप आहे. 'तू पुढचं बघ, मागचं मी बघते.'"